फ्रँकफर्टमध्ये शूटर गेमच्या सीक्वेलवर नोकरी: सही करण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पाच वर्षं गेमप्ले प्रोग्रॅमर, काम सी प्लस प्लसमध्ये. आता फ्रँकफर्टच्या एका स्टुडिओकडून सायन्स फिक्शन शूटरच्या सीक्वेलसाठी ऑफर आली आहे. वर्षाला ५४,००० युरो ग्रॉस, दोन वर्षांचं मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट, सहा महिने प्रोबेशन. सोबत पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. जावं का, आणि आधी काय तपासावं?

जावं. पण उद्या तो गेम रद्द झाला तरी तुमचं जर्मनीत राहणं धोक्यात येणार नाही, अशी व्यवस्था आधीच लावून जावं. सीक्वेल बंद पडणं या धंद्यात नवलाचं नाही आणि तुमचा परवाना, म्हणजे कुशल परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारं ब्लू कार्ड, कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत नोकरीवर अवलंबून असतो. सगळं नियोजन या दोन गोष्टी एकत्र ठेवून करायचं.

फ्रँकफर्टचंच सर्वांना माहीत असलेलं उदाहरण क्रायटेक या स्टुडिओचं आणि त्याच्या क्रायसिस या सायन्स फिक्शन शूटर मालिकेचं. क्रायसिस २००७ चा, क्रायसिस २ हा २०११ चा, क्रायसिस ३ हा २०१३ चा. क्रायसिस ४ ची घोषणा २०२२ च्या जानेवारीत झाली. २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत त्याचं काम थांबवण्यात आलं आणि त्यावरची माणसं हंट: शोडाउन १८९६ या चालू गेमकडे वळवण्याचा प्रयत्न झाला. २०२५ च्या फेब्रुवारीत कंपनीने सुमारे ४०० पैकी अंदाजे १५ टक्के लोक कमी करत असल्याचं जाहीर केलं. कारण समजून घ्या, कारण ते जवळपास सगळ्याच स्टुडिओंना लागू होतं: चालू ऑनलाइन गेम दर महिन्याला पैसे आणतो आणि सीक्वेल चार-पाच वर्षं नुसते पैसे खातो. हात आखडला की आधी सीक्वेल थांबतो.

आता या तारखांवर ब्लू कार्डाचे आजचे नियम ठेवून पाहा. ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी केली, पेन्शनची वर्गणी भरली आणि प्राथमिक म्हणजे ए१ पातळीचं जर्मन असलं, की कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. त्याला निडरलासुंग्सएरलाउबनिस म्हणतात. बी१ म्हणजे मधल्या पातळीचं जर्मनचं प्रमाणपत्र असेल तर हीच मुदत २१ महिन्यांची. समजा कोणी २०२३ च्या मार्चमध्ये अशा प्रोजेक्टवर रुजू झाला. त्याचे २१ महिने २०२४ च्या नोव्हेंबरअखेर भरतात आणि २७ महिने २०२५ च्या मेअखेर. फेब्रुवारीच्या मध्यात नोटीस हातात पडली, तर कायद्याने किमान असलेल्या चार आठवड्यांच्या मुदतीने नोकरी मार्चमध्येच संपते. बी१ असलेला माणूस तोवर कायमचा परवाना घेऊन निवांत नोकरी शोधतो. बी१ नसलेल्याचे दोन महिने कमी पडतात आणि त्याच्यामागे घड्याळ लागतं.

तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये हे आणखी अडचणीचं आहे. ब्लू कार्ड कॉन्ट्रॅक्टच्या मुदतीपेक्षा तीन महिने जास्त मिळतं, कमाल चार वर्षं. तुम्हाला २७ महिन्यांचं कार्ड मिळेल, पण नोकरी २४ व्या महिन्यात संपेल. म्हणजे २७ महिन्यांची वाट या कॉन्ट्रॅक्टवर पुरी होतच नाही. उरते ती २१ महिन्यांची, आणि तिला बी१ लागतं. त्यातही मुदत संपायला तीनच महिने उरलेलं कॉन्ट्रॅक्ट पाहून परवाना देणारं ऑफिस पुढच्या उत्पन्नाबद्दल विचारणार. म्हणून एचआरला पहिला मेल हाच लिहा: कॉन्ट्रॅक्ट बेमुदत, म्हणजे ‘उनबेफ्रिस्टेट’ करून द्या. विशेष कारणाशिवायचं मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट तिथे कायद्यानेच दोन वर्षांपुरतं असतं, त्यामुळे ही मागणी त्यांना नवी नसते. प्रोबेशन सहा महिने राहिलं तरी चालेल. पगारात हजार-दोन हजार सोडावे लागले तरी हा बदल करून घेण्यासारखा आहे.

मात्र पगार सोडताना एक रेषा ओलांडायची नाही. २०२६ साठी ब्लू कार्डाची सर्वसाधारण मर्यादा ५०,७०० युरो आहे. तुटवड्याच्या व्यवसायांसाठी, ज्यात आयटी येतं, ती ४५,९३४.२० आहे, पण त्या खालच्या मर्यादेवर रोजगार कार्यालयाची मंजुरी लागते आणि त्यात आठवडे जातात. तुमचे ५४,००० वर आहेत, मंजुरीची पायरी वाचते. हा आकडा पक्क्या पगाराचा हवा. गेम बाजारात आल्यावर मिळणारा बोनस यात धरला जात नाही. ऑफरमध्ये ‘४८,००० अधिक ६,००० बोनस’ अशी फोड असेल तर ती आत्ताच बदलून घ्या.

हातात किती येतात? तुम्ही एकटे असताना, म्हणजे टॅक्स क्लास १ मध्ये, ५४,००० चे महिन्याला २,९०० च्या आतबाहेर. कुटुंब तिथे येऊन पत्त्याची नोंद झाली, पत्नी कमावत नसली आणि तुम्ही क्लास ३ घेतला, की ३,२०० च्या आसपास. त्यावर मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, २५९ युरो. फ्रँकफर्टच्या भाड्यांत तिघांना हे पुरतं, पण शिल्लक फार पडत नाही. पत्नीला ब्लू कार्डधारकाची जोडीदार म्हणून जर्मन परीक्षेशिवाय व्हिसा मिळतो आणि कुठलीही नोकरी करता येते. दुसरा पगार सुरू झाला की चित्र बदलतं.

आता प्रोजेक्टबद्दल. मुलाखतीची शेवटची फेरी लीडशी, म्हणजे टीमच्या प्रमुखाशी असते, तिथे विचारा की व्हर्टिकल स्लाइस झाला आहे का आणि कोणी पास केला. व्हर्टिकल स्लाइस म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा असा तुकडा, ज्यात शस्त्रं, शत्रू, अॅनिमेशन, आवाज आणि प्रकाश अंतिम दर्जाचे असतात. तो झाला नसेल तर तुम्ही प्री-प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे पूर्वतयारीच्या टप्प्यात शिरताय, आणि सर्वांत जास्त प्रोजेक्ट तिथेच मरतात. पैसे कोण देतंय हेही विचारा. पब्लिशर माइलस्टोननुसार, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा पुरा झाला की, देत असेल तर पुढचा माइलस्टोन कधी आहे, आणि स्टुडिओ स्वतःच्या चालू गेममधून भागवत असेल तर त्या गेमवर किती माणसं आहेत आणि सीक्वेलवर किती. तिसरा प्रश्न इंजिनचा, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो त्या मूळ सॉफ्टवेअरचा: जुन्या गेमच्या कोडची कोणती आवृत्ती घेऊन काम चाललंय, आणि मध्येच इंजिन बदलायचा बेत आहे का? इंजिन बदल म्हणजे वर्षभराचा उशीर असं धरून चाला.

सीक्वेलवर गेमप्ले प्रोग्रॅमरचं काम नव्या गेमपेक्षा वेगळं असतं, हे पुण्यात मोबाइल गेमवर काम केलेल्यांना आधी जाणवत नाही. क्रायसिसच्या पहिल्या भागात नॅनोसूटचे, म्हणजे नायकाच्या खास पोशाखाचे, चार मोड होते: चिलखत, ताकद, वेग आणि अदृश्यता. दुसऱ्या भागात वेग आणि ताकद मूळ हालचालीतच मुरवली आणि खेळाडूला निवडायला चिलखत आणि अदृश्यता एवढंच ठेवलं. कागदावर हा दोन ओळींचा निर्णय. पण अदृश्य असताना ऊर्जा किती वेगाने संपते हा एक आकडा बदलला, की खेळाडू किती मीटर न दिसता जाऊ शकतो ते बदलतं. त्यावर आडोशांमधलं अंतर ठरलेलं असतं, त्यावर शत्रूच्या नजरेचा कोन आणि गस्तीचा रस्ता. लेव्हल डिझायनरने आखलेल्या वीस चकमकी पुन्हा खेळून पाहाव्या लागतात. शिवाय पहिला भाग फक्त पीसीसाठी होता आणि दुसरा प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० वरही चालवायचा होता, जिथे एकूण मेमरीच ५१२ एमबी. जुन्या कोडमध्ये काय ठेवायचं आणि काय कापायचं याचा निवाडा करणारा माणूस सीक्वेलला हवा असतो. मुलाखतीत तुमचा नवा डेमो दाखवा, पण दुसऱ्याने लिहिलेला कोड प्रोफाइल करून, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजून, फ्रेमचा वेळ कमी केल्याचं एक उदाहरण आकड्यांसह तयार ठेवा. सेकंदाला ६० फ्रेमच्या शूटरमध्ये एका फ्रेमसाठी सगळ्यांना मिळून १६.६ मिलिसेकंद असतात. त्यातले एआयला किती, फिजिक्सला किती आणि अॅनिमेशनला किती, हा प्रश्न येतोच.

कॉन्ट्रॅक्ट दोन भाषांत येईल आणि बहुधा जर्मन प्रतच ग्राह्य असेल. तीन कलमं जर्मन जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. पहिलं ओव्हरटाइमचं. ‘सर्व जादा तास पगारात समाविष्ट’ असं सरसकट वाक्य तिथल्या कोर्टात सहसा टिकत नाही, पण भांडण्यापेक्षा तासांची मर्यादा लिहून घेणं बरं. कायद्याने दिवसाला आठ तास, सरासरी राखून दहापर्यंत, आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तास विश्रांती. दुसरं, मुदतीचं कॉन्ट्रॅक्ट असताना मध्येच नोटीस देता येईल असं कलम आहे का. ते नसेल तर प्रोजेक्ट बंद पडला म्हणून मुदतीआधी साधी नोटीस देता येत नाही. तिसरं, जोडधंद्याचं. रात्री स्वतःचा छोटा गेम बनवून स्टीमवर विकायचा विचार असेल, तर मालकाची परवानगी लागेल आणि ब्लू कार्डवर स्वयंरोजगारासाठी आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाची, वेगळी परवानगी लागेल.

आणि नोटीस आलीच तर? ती कागदावर, शाईच्या सहीने लागते. मेलने दिलेली नोटीस वैध नसते. त्या दिवसापासून मुदती सुरू होतात. रोजगार कार्यालयात नोकरीच्या शोधात असल्याची नोंद तीन दिवसांत. नोकरी मुदतीआधी संपत असल्याचं आउसलेंडरबेहोर्डेला दोन आठवड्यांत. नोटिशीविरुद्ध दावा तीन आठवड्यांत; सहा महिने झालेले असतील आणि कंपनीत दहाहून जास्त माणसं असतील, तर नोटिशीला सबळ कारण दाखवावं लागतं आणि दावा बऱ्याचदा भरपाईवर मिटतो. म्हणून कायदेशीर खर्चाचा विमा रुजू होताच घ्या, कारण नोकरीच्या वादासाठी तो साधारण तीन महिन्यांनंतरच लागू होतो.

याच वेळी स्टुडिओ ‘आउफहेबुंग्सफरट्राग’ पुढे करेल: दोघांच्या संमतीने नोकरी संपवायची, वर थोडे पैसे. मीटिंगमध्ये सही करू नका, घरी घेऊन या. अशा सहीमुळे बेकारी भत्ता बारा आठवड्यांपर्यंत थांबू शकतो. हा भत्ता मिळायला मागच्या तीस महिन्यांत बारा महिने वर्गणी भरलेली असावी लागते. मूल असेल तर निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, नसेल तर ६०. ब्लू कार्डवर नवी नोकरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात, कार्डाला दोन वर्षं झाली असतील तर सहा.

शहर बदलल्याशिवाय दुसरी नोकरी मिळेल का, हेही ऑफर घेतानाच पाहायचं. फ्रँकफर्टात डेक१३ आणि कीन गेम्स आहेत, लोकलने तासाभराच्या आत माइन्झला युबिसॉफ्टचा स्टुडिओ. डेक१३ आणि कीन स्वतःचं इंजिन वापरत आले आहेत, त्यामुळे एका इंजिनची बटणं पाठ असण्यापेक्षा सी प्लस प्लस, मेमरी आणि मल्टिथ्रेडिंग पक्कं असणं तिथे जास्त कामाला येतं. पहिल्या वर्षात नोकरी बदलली तर आउसलेंडरबेहोर्डेला कळवावं लागतं आणि ते हरकत घेऊ शकतात. वर्षानंतर तो अडसर नाही.

घराबद्दल एवढंच: पहिले दोन-तीन महिने फर्निचरसकट घर घ्या, पण मालक ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हा राहत असल्याचा दाखला देतो का ते पैसे भरण्याआधी विचारा. तो नसेल तर पत्त्याची नोंद होत नाही, आणि ती दोन आठवड्यांत करायची असते. नोंद नाही तर टॅक्स नंबर लांबतो आणि पहिला पगार सर्वांत वरच्या दराने कापून येतो. मुलीच्या किटाची, म्हणजे बालवाडीची, यादी मोठी असते. पत्ता मिळाला त्याच आठवड्यात नाव घाला.

जर्मनची तयारी मात्र पुण्यातच सुरू करा. मॅक्स म्युलर भवनमध्ये ए१ आणि ए२ निघण्याआधी झालं, तर तिथे बी१ वर्षभरात सहज होतं. तिथे गेल्यावर अ पासून सुरू करणारे बहुतेक जण पहिल्याच माइलस्टोनच्या गडबडीत क्लास सोडतात. ऑफिस इंग्रजीत चालत असल्यामुळे जर्मन आपोआप येत नाही.

व्हिसासाठी पदवी आणि विद्यापीठ दोन्ही ‘अनाबिन’ या जर्मन यादीत शोधा. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ आणि पदवीपुढे समकक्ष असा शेरा हवा; दोन्ही पानांची प्रिंट अर्जाला जोडा. पदवी यादीत नसेल तर २०८ युरो भरून तुलनापत्र मागवावं लागतं, त्याला वेळ धरा. आयटीतल्या लोकांना मागच्या सात वर्षांतल्या तीन वर्षांच्या अनुभवावर पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं, म्हणून जुन्या कंपन्यांकडून कामाचं स्वरूप आणि तारखा लिहिलेली अनुभवपत्रं आत्ताच घ्या. नुसत्या रिलीव्हिंग लेटरवर भागत नाही. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातात, भरायचे ऑनलाइन. घाई असेल तर स्टुडिओला ४११ युरोची जलद प्रक्रिया तिकडून सुरू करायला सांगा. पुण्यात नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर रुजू होण्याची तारीख ‘व्हिसा मिळाल्यानंतर तीन महिन्यांनी’ अशी लिहून घ्या, आणि पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत राजीनामा देऊ नका.