दरवर्षी सगळ्या कुटुंबाने मिळून मासे पकडायला जाणं खरंच जमतं का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की ७ आणि १० वर्षांची दोन मुलं आहेत, दरवर्षी एकदा सगळ्यांनी मिळून मासे पकडायला जायचा रिवाज घरात पाडायचाय, पण खरंच कोणी असं करतं का आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये. करतात हो. आम्ही करतो. आईचं माहेर कर्ली खाडीच्या काठावर, नेरूरपारच्या पुलाच्या खालच्या अंगाला, एका बाजूला कुडाळ तालुका आणि पलीकडे मालवण. मी चौथीत असल्यापासून जातोय, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर एकही मे महिना चुकलेला नाही, आणि आता मामाकडची, मावशीकडची आणि आमची मिळून अठरा-वीस माणसं जमतात.

सगळ्यात आधी एकच सांगतो, बाकी विसरलात तरी चालेल. तारखा सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी मी ऑफिसमधून सुट्टी मिळाली त्या तारखांची सगळ्यांची तिकिटं काढली आणि चार दिवसांत आम्हाला ना धड खुबे (खाडीच्या तळाला मिळणारे शिंपले) मिळाले ना मासे, पोरं कंटाळून अंगणात क्रिकेट खेळत बसली. मामा रागावला नाही, फक्त म्हणाला, "अरे, सुट्टी सायबाक इचारून गावता, मासो खाडीक इचारूचो लागता." तेव्हापासून तिकीट काढायच्या आधी मामाला फोन. पूर्वी रेल्वेचं बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं म्हणून हा फोन जानेवारीतच व्हायचा, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय त्यामुळे आता मार्चमधे होतो.

तिथीचं गणित असं आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटीही खूप लांब जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी. खुबे, तिसऱ्या, कालवं काढायची तर उधाणाची ओहोटी पाहिजे कारण तेव्हाच तळाच्या त्या जागा उघड्या पडतात. आणि गरवायचं असेल (म्हणजे गरीने मासे पकडायचे असतील) तर उधाणात पाणी इतकं जोरात ओढतं की गरीच्या दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला ठरतच नाही, त्याला भांगाकडचे दिवस बरे. म्हणून आम्ही द्वितीयेला पोचतो आणि अष्टमी-नवमीला निघतो, सुरुवातीचे दिवस खुब्यांचे आणि नंतरचे गरीचे.

भरतीची वेळ काढायला कुठलं ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ, चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, आणि तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे मुंबईच्या बाजूचं, मालवणकडे किनाऱ्यावर भरती थोडी आधी लागते आणि खाडीतून जितकं आत जाल तितका पुन्हा उशीर होत जातो, त्यामुळे आकडा ढोबळ धरायचा आणि तिथल्या माणसाला विचारायचंच. पण मुलांना हे गणित जरूर शिकवा. माझ्या मुलीला पाऊणचा पाढा शाळेत नाही, मामाच्या ओट्यावर आला.

आता सामान. दुकानातल्या महागड्या रॉडच्या नादी लागू नका, निदान पहिली दोन-तीन वर्षं. तंगूस (गरी बांधायची नायलॉनची दोरी), बारीक गरी, शिसं आणि तंगूस गुंडाळायला लाकडाचा तुकडा नाहीतर रिकामी बाटली, बास. गरीच्या वर एक वीत अंतरावर शिसं बांधायचं, आमिषाला कोलंबीचा तुकडा, आणि तंगूस तर्जनीवरून सोडून बसायचं. ह्यातली खरी गंमत त्या बोटात आहे. काळुंदर हा मासा लागला की आधी बारीक बारीक टोचे येतात, कोणीतरी नखाने टिकटिक केल्यासारखे, तेव्हा ओढलं तर फुकट, आमिष जातं आणि गरी रिकामी वर येते. थांबायचं. मग तंगूस हळूच एका बाजूला सरकायला लागतो, तेव्हा मनगटाने झटका. पालू किंवा तांबोशी मासा असेल तर विचार करायला वेळच देत नाही, एकदम हिसडा बसतो आणि तंगूस बोटाला कापतो. रॉडवर हे मुलांना तितकं कळत नाही, हातात कळतं, आणि एकदा कळलं की सात वर्षांचं मूल दोन-दोन तास न बोलता बसतं, हे मी स्वतः बघितलंय.

पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) मात्र मोठ्यांनीच टाकायचा. मामा अजून टाकतो, पासष्टी उलटली तरी. दोरी डाव्या मनगटाला, अर्धं जाळं कोपरावर, शिशाच्या कडेचा एक भाग दातात, आणि कमरेतून वळून असा सोडतो की पाण्यावर पडताना पूर्ण गोल उघडतो, शिसं सगळीकडून एकदम पडल्याचा एकच आवाज येतो. मी वीस वर्षं शिकतोय, माझा अजून लांबट पडतो. मावशीची मुलगी दोन वर्षांत शिकली, तिच्या पागात गेल्या वर्षी एका फेकीला सात मुडदुशे मासे आले, आणि त्या दिवशी मामाने पाग धुवून वाळत घालायचं काम तिच्याकडे दिलं. आमच्या घरात ह्याच्यापेक्षा मोठं कौतुक नाही.

सांभाळायच्या गोष्टी. शिंगाळा मासा गरीला लागला तर मुलांना हात लावू देऊ नका. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूच्या परांना एकेक काटा असतो, विषारी, आणि तो लागला की मोठा माणूससुद्धा कळवळतो. मावसभावाच्या मुलाच्या तळहाताला लागला होता, मामीने सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला (उष्णतेने त्या विषाचा जोर कमी होतो), अर्ध्या तासाने रडं थांबलं आणि मग डॉक्टरकडे नेला, कारण काटा आत मोडला की पिकतो. तेव्हापासून नियम एकच, शिंगाळा आला की तंगूस कापायचा, गरी गेली तर गेली. दुसरं, कालवांच्या खडपावर (खडकावर) अनवाणी नाही, शिंपल्याची धार ब्लेडसारखी असते. तिसरं, मुलांना लाइफ जॅकेट, पाणी कितीही उथळ दिसलं तरी. वाळू उपशाने आमच्या खाडीचा तळ जागोजागी बदललाय, मी लहान असताना जिथे ओहोटीला घोट्याएवढं पाणी असायचं तिथे आता एक पाऊल पुढे टाकलं की कमरेएवढं लागतं. ह्याचं मला फार वाईट वाटतं, खुब्यांच्या दोन जागा त्यात कायमच्या गेल्या.

आणि काय पकडायचं नाही हेही पहिल्याच वर्षी सांगून टाका, नंतर सांगितलं तर मुलं ऐकत नाहीत. आजोबांच्या वेळी ट्रिप जूनमधे असायची, पहिला पाऊस पडला की चढणीचे मासे धरायला. ते मासे अंडी घालायलाच शेतात चढतात, पोटं गाबोळीने भरलेली, आणि दरवर्षी कमी होत चालले होते, म्हणून मामाने ते बंद केलं आणि ट्रिप मे महिन्यात आणली. बंद करताना आजोबांशी भांडला होता म्हणे. काळुंदराचं तर अजून वेगळं, त्याच्या पिल्लांना नर आणि मादी दोघं मिळून राखतात. काठाच्या उथळ पाण्यात नीट बघितलं तर पिल्लांचा करडा ढग हलताना दिसतो आणि दोन्ही बाजूंना एकेक मोठं काळुंदर. माझ्या मुलीने पहिल्या वर्षी नेमकी तिथेच गरी सोडली होती. मामा मागून म्हणाला, "चेडवा, काड ती. थंय तेंची पोरां आसत." तिने गरी काढली आणि पुढचा तासभर नुसती बघत बसली, मासा एकही नाही मिळाला तिला त्या दिवशी, पण घरी आल्यावर आजीला पहिली गोष्ट तीच सांगितली.

संध्याकाळी साफ करायला सगळे बसतात, पुरुषसुद्धा, हा मामीचा नियम. आई विळीवर खुबे एकशिपी करते, म्हणजे मांस एकाच शिंपल्यात ठेवायचं आणि रिकामी शिंप टाकायची, मग ओल्या खोबऱ्याचं सुकं. काळुंदरं मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून तळायची. जेवढं एका रात्रीत संपेल तेवढंच घरी आणायचं, बाकी परत पाण्यात.

तुमचं कोकणात घर नसेल तरी हरकत नाही, खाडीकाठच्या गावात एखाद्या घरगुती ठिकाणी उतरा आणि तिथल्याच एखाद्या जाणत्या माणसाला दिवसभरासाठी सोबत घ्या, त्याचे पैसे आधी ठरवून नीट द्या. पहिल्या वर्षी तीन दिवस पुरे, आणि मुलं लहान आहेत तर अष्टमीच्या आसपास जा, पाणी शांत असतं. पहिल्या संध्याकाळी मुलांच्या हातात गरी देऊच नका, नुसता तंगूस आणि शिसं द्या, तळ कुठे लागतो आणि पाणी कुठे ओढतं ते बोटाला कळू दे. गरी दुसऱ्या दिवशी सकाळी.