ऑपरेशनआधी हार्मोनची इंजेक्शनं, त्यासाठी बाबांची पोस्टातली स्कीम मोडायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, बाबा 67 वर्षांचे, प्रोस्टेट कॅन्सर, रोबोटिक ऑपरेशन ठरलंय, त्याआधी सहा महिने दरमहा हार्मोनचं (म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन घ्यावं असं चाललंय आणि त्यासाठी दीड वर्षापूर्वी सिनियर सिटीझन स्कीममध्ये टाकलेले 8 लाख काढू का.

आत्ता नका काढू. दोन वर्षांच्या आत बंद केलं तर दीड टक्का कापतात, म्हणजे 12 हजार गेले, पण ते एक वेळ सोडा, मुळात या इंजेक्शनांनी मिळणार काय ते बघा. मी डॉक्टर नाही, पण यावर ट्रायल भरपूर झाल्यात, गाठ आकसते, पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवायचा रक्तातला आकडा) झपाझप उतरतो, काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडण्याचं प्रमाणही कमी होतं, पण पेशंटचं आयुष्य वाढतं असं काही दिसलेलं नाही, म्हणून युरोपच्या युरॉलॉजी गाइडलाइनमध्येही ऑपरेशनआधी हे सरसकट देत नाहीत. घरचे मात्र पीएसएचा रिपोर्ट बघून खूश होतात आणि पुढचं इंजेक्शन आणतात! वर अंगातून वाफा, थकवा हे आहेच. रेडिएशन ठरलं तर गोष्ट वेगळी, तिथे हार्मोनचा खरंच फायदा होतो आणि हाय रिस्क असेल तर दीड ते तीन वर्षं चालतं, तेवढं बजेट धरायला लागतं. त्यामुळे सर्जनना सरळ विचारा, बाबांच्याच केसमध्ये काय खास कारण आहे, आणि जमलं तर टाटाला सेकंड ओपिनियन घ्या. कारण पटलं तर खर्च करा, माझी ना नाही.

आता मेडिक्लेम. तुमच्या पॉलिसीत अ‍ॅडमिशनआधीच्या 30 दिवसांचाच खर्च धरलाय, म्हणजे सहा महिन्यांतली बहुतेक इंजेक्शनं खिशातूनच. शिवाय रोबोटिकला बऱ्याच पॉलिसींत सब-लिमिट (त्या उपचारापुरती वेगळी, कमी मर्यादा) असते, ते पान आजच उघडा, नाहीतर 5 लाखांचं कव्हर आहे म्हणून आपण निवांत आणि डिस्चार्जच्या दिवशी टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारे) काउंटरवर कळतं की निम्मे आपल्यालाच भरायचेत. गॅप पडलाच तर बँकेतल्या 3 लाखांच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढा, एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त पडतील पण वापराल तेवढ्यावरच व्याज. पोस्टाच्या स्कीमवर लोन मिळत नाही, आणि तिच्या तिमाही व्याजावर आईबाबांचं किराणा-लाइटबिल चालतं असं तुम्हीच लिहिलंय, शिवाय ऑपरेशननंतर लघवी गळते त्यासाठी पॅड, तपासण्या, दर काही महिन्यांनी पीएसए सुरूच राहणार.

तुम्ही जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल आणि बाबा तुमच्यावर अवलंबून असतील तर कॅन्सरच्या उपचारखर्चावर इन्कम टॅक्समध्ये 1 लाखापर्यंत वजावट मिळते, क्लेमचे मिळालेले पैसे त्यातून वजा होतात, ऑन्कॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन मात्र लागतं, ते आत्ताच मागून ठेवा.