कूलर चालू असला की बँक मला ओळखत नाही

प्रश्न: माझा आणि लहान भावाचा आवाज फोनवर इतका सारखा आहे की आमची आईसुद्धा फसते. बँकेने आवाजाचा पासवर्ड दिलाय, ठरलेलं वाक्य बोललं की पुढचं काम होतं, पण घरी कूलर चालू असला की मशीन मलाच नाही म्हणते. उद्या भावाला आत घेईल आणि मला हाकलेल, असं तर नाही ना? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर: भाऊ, आधी कूलरचं. नोंदणीच्या वेळच्या आवाजाचा आकड्यांमधला ठसा मशीनकडे असतो, आत्ताचा आवाज त्याच्याशी किती जुळतो याचे ती मार्क देते, पासिंगच्या वर गेले तर आत, नाही तर बाहेर. नोंदणी केली असेल शांत खोलीत आणि आता मागे कूलर घरघरतोय, त्यात साध्या कॉलवर आवाज जेमतेम 300 ते 3400 हर्ट्झमध्ये कोंबून येतो, मग मार्क कटणारच ना. गच्चीवर जाऊन बोला.

पासिंग खाली आणलं तर तुम्ही सुटाल, पण मग भाऊही सुटेल! म्हणून बऱ्याच सिस्टिम तुमचा आवाज दुसऱ्या पुष्कळ लोकांच्या आवाजांशीही ताडून बघतात. तरी सख्खा भाऊ म्हणजे कठीण पेपर. 2017 मध्ये बीबीसीच्या एका रिपोर्टरच्या जुळ्या भावाने नुसती नक्कल करून बँकेचा हा पहारा ओलांडला होता, आणि ते काही हुबेहूब जुळे नव्हते बरं.

पण खरं सांगू का, मला तुमच्या भावापेक्षा तुमच्या व्हॉइस नोट्सची जास्त भीती वाटते. कोणी तुमचं रेकॉर्डिंग वाजवलं किंवा त्यावरून एआयने आवाज बनवला तर मार्क भावापेक्षा जास्त पडू शकतात, ठसा तुमचाच आहे ना. ते पकडायला वेगळी तपासणी लागते, म्हणजे स्पीकरमधून वाजलेल्या आवाजाला स्पीकरचा आणि त्या खोलीचा वास लागतो, आणि जिवंत माणूस माइकजवळ 'प' म्हणाला की फुंकर बसते, असल्या खुणा. या कामासाठी संशोधकांची एएसव्हीस्पूफ नावाची स्पर्धा 2015 पासून चालू आहे, 2017 ची तर खास रेकॉर्डिंग पकडण्याचीच होती.

बँकेला विचारा, वाक्य दरवेळी तेच का ऐन वेळी वेगळे आकडे म्हणायला लावता? तेच असेल तर मी तरी ही सोय बंद करून पिन आणि ओटीपीवर राहीन. ठेवायचीच असेल तर नोंदणी नव्याने करून मागा, आणि या वेळी कूलर चालू ठेवूनच करा.