हळदीच्या साइटवर सगळीकडे 'येथे क्लिक करा' लिहिलंय. ते बदललं तर गूगलवर फरक पडेल का?

पडेल, नक्की बदला. लिंकवरच्या शब्दांवरून गूगल पुढच्या पानाचा विषय ओळखतं आणि 'येथे क्लिक करा'तून काहीच कळत नाही.

समजा वाक्य आहे, 'राजापुरी हळदीचे दर पाहण्यासाठी येथे क्लिक करा'. त्याचं करा, 'सांगली मार्केट यार्डातले राजापुरी हळदीचे दर रोज इथे टाकतो', आणि लिंक फक्त 'राजापुरी हळदीचे दर' एवढ्याला द्या. दोन ते पाच शब्द पुरेत. अख्ख्या वाक्याला दिली की नेमका विषय हरवतो. आजूबाजूचा मजकूर झाकून नुसती लिंक वाचून बघा. कुठे जाणार ते कळलं पाहिजे. दराच्या आणि ऑर्डरच्या पानांच्या लिंकांना सारखेच शब्द मात्र नकोत.

सगळ्यात जास्त घोळ फोटोंत होतो. फोटोलाच लिंक असेल तर गूगल त्याचा ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारं कोडमधलं वर्णन, लिंकचे शब्द म्हणून धरतं, आणि तो बहुधा रिकामा किंवा 'आयएमजी ००४७' असा असतो. तिथे 'अख्खी राजापुरी हळकुंडं' असं साधं लिहा.

प्रत्येक लिंकमध्ये 'सांगली हळद, सांगली हळद' कोंबू नका. बाहेरच्या साइटवर पैसे देऊन तेच शब्द पेरणं तर अजिबात नको. असल्या लिंकांना लगाम घालायलाच गूगलने २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट आणलं. पैसे दिलेल्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण कोडमध्ये लावून घ्या.

सुरुवात मुखपृष्ठापासून करा.