वेक मॉडेलिंग सुरू करताय? आधी एवढं करा

वेक म्हणजे पवनचक्कीच्या (टर्बाइनच्या) मागे पडणारा मंदावलेल्या वाऱ्याचा पट्टा. त्याचं मॉडेल करताना थेट सीएफडीला, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या तपशीलवार संगणकीय गणिताला, हात घालू नका. पायवेक किंवा फ्लोरिस ही दोन्ही साधनं मोफत आहेत; त्यातलं एक घ्या आणि जेन्सनच्या साध्या मॉडेलपासून सुरुवात करा. पहिलं गणित मात्र हातानेच करा. थ्रस्ट गुणांक (रोटर वाऱ्याला किती अडवतो त्याचं माप) ०.८, समुद्रासाठी वेक-विस्तार स्थिरांक (वेक मागे किती वेगाने रुंदावतो ते) ०.०४, दोन टर्बाइनमधलं अंतर ७ रोटर-व्यास (रोटर म्हणजे फिरणारी पाती). मागच्या टर्बाइनवर वाऱ्याचा वेग सुमारे २३ टक्के कमी येतो. ऊर्जा वेगाच्या घनावर चालते, त्यामुळे रेटेड वेगाच्या (ज्या वेगाला टर्बाइन पूर्ण क्षमतेने चालते) खाली मागच्या टर्बाइनची वीज निम्म्याहूनही कमी उरते. हा आकडा एकदा स्वतः काढला की पुढचं सगळं पटकन उमजतं.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- जमिनीवरचा ०.०७५ हा स्थिरांक समुद्रावर तसाच वापरणं. समुद्रावर हवेची खळबळ कमी, म्हणून वेक लांबवर टिकतो; ०.०७५ घेतला तर मॉडेलमध्ये तो लवकर विरतो आणि तुमचं नुकसान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं.
- वाऱ्याची दिशा ३० अंशांच्या टप्प्यांत घेणं. टर्बाइनच्या रांगेशी समांतर वारा आला की नुकसान टोकदार वाढतं. ते टोक हुकतं. १ ते २ अंशांचा टप्पा ठेवा.
- सरासरी वेगावर वार्षिक उत्पादन काढणं. वेगाचं पूर्ण वितरण घ्या, थ्रस्टचा वक्रही वेगानुसार बदलू द्या.

पडताळणीसाठी डेन्मार्कचं हॉर्न्स रेव्ह १ हे समुद्रातलं पवनऊर्जा फार्म उत्तम: ८० टर्बाइन, ७ व्यासांचं अंतर, आणि त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. वातावरणाची स्थिरता, शेजारच्या फार्मचे वेक हे सध्या बाजूला ठेवा.