टेस्टची तारीख लांबची मिळाली तर

शिकाऊ लायसन्स हातात आलं की आधी त्यावरची मुदत बघ. ते सहा महिने चालतं आणि ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्ससाठी अर्ज करता येतो. बरेच जण ‘हात बसू दे, मग बघू’ म्हणत चार-पाच महिने घालवतात. मग सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, ड्रायव्हिंग टेस्टच्या पुढच्या तारखा भरलेल्या दिसतात, तोवर शिकाऊ लायसन्स संपतं आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून एकतिसाव्या दिवशीच अर्ज कर. स्लॉट लांबचा मिळाला तरी घेऊन टाक, सराव तोवर होतोच.

एजंटच्या नादी लागू नकोस, हे मी कळकळीने सांगतोय. पैसे देऊन टेस्ट उरकलेला माणूस त्याच रस्त्यावर गाडी चालवतो, जिथे आपली माणसं चालतात.

वाट बघण्याच्या काळात रिव्हर्स आणि चढावर गाडी मागे न जाऊ देता उचलणं, एवढं पक्कं कर. शेजारी लायसन्सवाला हवा, गाडीला लाल ‘एल’ हवा. नापास झालास तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, पण तीनदा नापास झाल्यावर ६० दिवस थांबावं लागतं. टेस्टला जाताना गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना, ते आदल्या रात्रीच तपास.