छोट्या कलासंग्रहालयात माणसं दिवसभर नेमकं काय करतात? अशी नोकरी घ्यावी का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या जिल्ह्यातलं कलासंग्रहालय बघायला गेलात, तिकीट देणारा माणूस आणि दालनात खुर्चीवर बसलेली एक बाई सोडून कुणी दिसलं नाही, आणि 'अर्धी चित्रं आत स्टोअरमध्ये पडून आहेत' हे ऐकून वाईट वाटलं. आता तिथेच सहाय्यक अभिरक्षकाची (क्युरेटरच्या मदतनिसाची) जागा निघाली आहे, अर्ज करावा का, असं विचारताय.

अशाच एका खुर्चीवर मी बरीच वर्षं काढली. पूर्वीच्या एका संस्थानी गावातलं, विश्वस्त मंडळाने चालवलेलं संग्रहालय होतं. नाव लिहीत नाही.

आधी कामाचं सांगते. सकाळी दार उघडताना सील तपासायचं, मग सगळ्या दालनांतून फेरी मारायची. ही फेरी म्हणजे चित्रं बघत चालणं नव्हे. नजर खाली ठेवायची. फ्रेमखाली जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा पडलाय का? पडला असेल तर लाकडात भुंगा लागलाय, ती फ्रेम आजच्या आज उतरवायची आणि बाकीच्यांपासून लांब ठेवायची. मग भिंतीचे कोपरे, छताची ओल, पालीची घाण, खिडकीच्या जाळीला पडलेलं भोक. हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, बघून नोंद करायची. आमच्याकडे घाटमाथ्याचा पाऊस. श्रावणात आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर चढली आणि तिथेच राहिली की काचेच्या आतून कागदावर बुरशी धरते, म्हणून चित्रं भिंतीला चिकटू नयेत यासाठी प्रत्येक फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावायचे, म्हणजे मागून वारा खेळतो. धूळ झटकायची ती मऊ ब्रशने, फडक्याने नाही. ओल्या फडक्याने तर कधीच नाही. तैलचित्राला जुन्या भेगा असतात, त्यांतून पाणी खालच्या अस्तरात उतरतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. गावातले फ्रेमवाले चित्र 'चमकवायला' जवसाचं तेल फिरवतात. चार महिने चित्र झळकतं, पुढे ते तेल पिवळं, मग तपकिरी होतं आणि काढायला गेलात तर खालचा रंगही घेऊन निघतं.

उरलेला वेळ नोंदवह्यांचा. प्रत्येक वस्तूचा क्रमांक, माप, माध्यम, कुणी दिली, कधी दिली, कुठे काय इजा आहे. वर्षाला पडताळणी असते, अभिरक्षक बदलला की चार्ज देताघेताना पुन्हा एकेक वस्तू हातात घेऊन टिपायची. मधेच कुणीतरी आजीच्या माजघरातलं लक्ष्मीचं चित्र घेऊन येतं, 'अस्सल रविवर्मा आहे, किती येतील?' त्याला भिंग देऊन दाखवायचं की बाबा रे, हे ठिपके बघ, हा दगडावरून छापलेला ओलिओग्राफ आहे. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि तिथली चित्रं घराघरात पोचली. अस्सल असतंच तर ते 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली कलानिधी ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. हे ऐकून लोक हिरमुसतात. मी त्यांना सांगायची, छापील आहे म्हणून टाकू नका, मागचा प्लायवूड बदला आणि उन्हात लावू नका.

आता 'स्टोअरमध्ये पडून आहेत' बद्दल. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं, पाहुण्यांकडून, पत्रकारांकडून, आणि सगळ्यात जास्त आमच्या अध्यक्षसाहेबांकडून.

आमच्या संग्रहात सगळ्यांत मोलाचं काय होतं तर गावच्याच एका ड्रॉइंग मास्तरांची जलरंगातली निसर्गचित्रं. मास्तर मुंबईला सर जे. जे. मध्ये शिकून परत आले आणि आयुष्यभर नदी, घाट, वाडे, बाजार रंगवत राहिले. राजघराण्याची मोठाली तैलचित्रं लोक लांबून बघून पुढे जायचे. मास्तरांच्या चित्रासमोर मात्र म्हाताऱ्या बायका थांबून म्हणायच्या, 'हे वडाचं झाड आमच्या दारात होतं बघा.' पुण्यामुंबईच्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयात ही चित्रं मिळणार नाहीत. छोट्या संग्रहालयाला काही अर्थ असेल तर तो एवढाच, की जे फक्त तिथलं आहे ते तिथे टिकावं.

मी रुजू झाले तेव्हा ही चित्रं खणांच्या कपाटात सपाट ठेवलेली असायची आणि थोडी थोडी बाहेर निघायची, तीनेक महिने भिंतीवर, मग पुन्हा आत, त्यांच्या जागी दुसरी. जलरंगाला ही शिस्त लागतेच. तैलचित्र साधारण दोनशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड सोसतं, कागदावरच्या जलरंगाला पन्नासच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि तेवढ्यानेही रंग झिजतोच, फक्त सावकाश. उजेडाचं नुकसान साठत जातं. आज थोडं, उद्या थोडं, आणि अंधारात ठेवलं म्हणून झालेलं भरून येत नाही. काच लावली की रंग वाचतो हाही गैरसमज आहे. साधी काच अतिनील किरण थोडे अडवते, डोळ्यांना दिसणारा उजेड अडवत नाही, आणि रंग त्यानेही उडतो.

मग अध्यक्षसाहेब आले. माणूस धडाडीचा होता. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, 'चित्रं बघायला असतात बाई, कपाटात कोंडायला नाही.' पूर्वेचं दालन रंगवून घेतलं, जुने जाड पडदे काढून टाकले, दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट लावल्या आणि मास्तरांची चित्रं कायमची तिथे टांगली. उद्घाटनाला सगळं गाव आलं. सकाळचं ऊन सरळ भिंतीवर पडायचं, फोटो छान आले. मी लेखी दिलं की हे दालन जलरंगासाठी चालणार नाही. इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलं.

काही वर्षांनी आमचे शिपाईमामा एका चित्रासमोर उभे राहून म्हणाले, 'बाई, ह्याचं आभाळ पांढरं पडलंय.' मामांची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण रोज झाडताना तेच चित्र बघणारा त्यांच्याशिवाय दुसरा कोण होता? संध्याकाळच्या घाटाचं चित्र होतं ते. जुन्या नोंदवहीत मास्तरांच्या एका विद्यार्थ्याने वळणदार अक्षरात वर्णन लिहिलेलं: 'तांबूस आकाश, पलीकडे हिरवी झाडी.' भिंतीवरच्या चित्रात आकाश राखाडी होतं आणि झाडी निळसर.

मी ती नोंदवही घेऊन अध्यक्षसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, 'कलाकाराला तसंच रंगवायचं असेल. लिहिणाऱ्याने काहीही लिहिलं असेल.'

त्याच पावसाळ्यात दालनाचं छत गळलं आणि त्या भिंतीवरच्या फ्रेम उतरवून उघडायची लेखी परवानगी मिळाली. टेबलावर टिपकागद अंथरला, मामांनी मागचे बारीक खिळे एकेक करून उपसले, मी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला. माउंटखाली चारी बाजूंनी बोटभर रुंदीची पट्टी झाकली गेली होती, उजेड न लागलेली. वरच्या पट्टीत आकाश होतं. गुलाबी, त्यात केशरी झाक, आणि मास्तरांचा ओल्या कागदावर ओढलेला एकच ब्रशचा हात स्पष्ट दिसत होता. बाजूच्या पट्टीत झाडी हिरवीगार. पट्टी संपली तिथे रेघ मारावी तसा रंग संपत होता.

ज्यांनी शाळेत जलरंगाची पेटी वापरली आहे त्यांना हे लगेच कळेल. त्या काळचा क्रिमझन लेक हा लाल रंग उजेडात टिकत नाही. गॅम्बोज पिवळाही टिकत नाही, आणि चित्रकार झाडीचा हिरवा पिवळ्यात निळा मिसळून करायचे. पिवळा उडाला, निळा राहिला, म्हणून झाडं निळी झाली. मास्तरांनी निळी झाडं रंगवली नव्हती.

मी अध्यक्षसाहेबांना टेबलापाशी बोलावलं. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आणि म्हणाले, 'आता गेलंच ना? मग राहू द्या भिंतीवर. आत ठेवून काय परत येणार आहे?'

या वाक्याचं उत्तर मी तेव्हा दिलं आणि आजही तेच देते. गेलं ते गेलं, पण उरलंय ते अजून जायचं आहे. निळे रंगही सावकाश फिकटतात. मागे स्वस्त पुठ्ठा असेल तर त्यातलं आम्ल कागदात उतरून कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, उजेड आणि उष्णता ते काम लवकर करतात. आणि मुख्य म्हणजे त्याच भिंतीवर इतर चित्रं होती ज्यांचे रंग तेव्हा शाबूत होते. एक बिघडलं म्हणून बाकीची बिघडू द्यायची हा कसला हिशोब? लोकांना दाखवायला हवं हे मला मान्यच होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की चांगली डिजिटल प्रत काढून ती कायम लावा, मूळ चित्र वर्षातून एकदा मंद उजेडात दाखवा आणि त्या दिवसाची जाहिरात करा. लोक आले असते. अर्धी चित्रं त्यांनी आत जाऊ दिली, उरलेल्यांबद्दल ऐकलं नाही. 'दालन रिकामं दिसेल' हे कारण.

संग्रहालय बांधतानाच उजेडाचा विचार करणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं. राजा स्वतः चित्रकार. तिथे उजेड थेट चित्रावर न पडता वरून पसरून यावा अशी दालनं बांधली आहेत. किरातार्जुनीय या संस्कृत काव्यावरची चित्रमाला, रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं, शिवाय इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी 'आई आणि मूल', असा संग्रह त्या खेड्यात आहे. अर्ज करण्याआधी एकदा तिथे जाऊन या, आणि या वेळी चित्रांबरोबर खिडक्याही बघा.

आता तुमचा प्रश्न. अर्ज करा, पण मुलाखतीत पगाराआधी स्टोअर बघायला मागा. खणांचं कपाट आहे का, नोंदवही पूर्ण आहे का, हायग्रोमीटर चालू आहे का, आणि शेवटची पडताळणी कधी झाली, हे विचारा. ही उत्तरं तिथल्या तिथे देणारा माणूस असेल तर जागा चांगली आहे. 'स्टोअर बघून काय करणार' असं म्हणाले तर तुम्हाला पुढे बरंच भांडावं लागेल, तयारी असेल तर जा. संग्रहालयशास्त्राचं शिक्षण घेतलं नसेल तर घ्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग 1952 पासून आहे. माझं शिक्षण कलाइतिहासाचं होतं. लक्स, आर्द्रता, आम्ल हे सगळं मी नोकरीत शिकले, आणि बैठकीत माझं ऐकलं न जाण्याचं एक कारण माझ्याकडे त्या विषयाची पदवी नव्हती हेही होतं. काहीही बिघडलेलं स्वतः दुरुस्त करायला जाऊ नका. लखनौची राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, त्यांना फोटो पाठवून विचारा.

मी लिहिलं ते विश्वस्तांच्या छोट्या संग्रहालयाचं. सरकारी ठिकाणी बदल्या, निविदा, मंजुऱ्या असा वेगळा त्रास असतो आणि पगार वेळेवर असतो. आमच्याकडे पगार तुटपुंजा होता, दोन माणसांचं घर त्यावर चाललं नसतं, हेही सांगून ठेवते. आणि अध्यक्षसाहेबांबद्दल एक खरं ते लिहायलाच हवं: छताचे पैसे त्यांनीच आणले, नाहीतर पुढच्या पावसात तैलचित्रंही गेली असती. ते आता नाहीत.

आज तिथे विश्वस्त असलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना संग्रहालय ओळखता येईल. पूर्वेच्या दालनात डावीकडच्या भिंतीवर मास्तरांचे बाजाराचे आणि नदीचे जलरंग मी निवृत्त झाले तेव्हा तसेच टांगलेले होते. ते या उन्हाळ्याआधी उतरवा. माउंट उचलून खालची पट्टी बघा, नोंदवहीतल्या वर्णनाशी ताडून बघा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. कपाटातले खालचे दोन खण त्याच मापाचे आहेत, मी गेले तेव्हा ते रिकामे होते.